धाकट्या जावेची पहिली क्लायंट

खोटं बोलणारा माणूस मी फोनवरच्या आवाजावरून ओळखते! विमा कंपनीत खोटे दावे पकडायच्या टेबलावर मी उगाच नाही आयुष्य काढलं. टेबल तेच, खुर्ची तीच, बदलली ती फक्त खुर्चीवरची गादी.

माझ्या धाकट्या जावेचं तसं नाही. ती आधी दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. मग चष्म्याच्या दुकानात गेली. मग बायकांना गाडी चालवायला शिकवू लागली. आणि एक दिवस तिने जाहीर केलं की ती आता स्त्रियांची होलिस्टिक कोच झाली आहे. म्हणजे मन, शरीर, घर, नोकरी, सगळं एका दमात सरळ करून देणार!

"हिची स्वतःची गाडी आजवर एका रस्त्याला लागली नाही," मी नवऱ्याला म्हणाले.

"तू का जळतेस?" तो पेपरामागून म्हणाला.

मी जळत नव्हते. पण मग सासूबाईंनी जिन्याजवळची छोटी खोली तिला द्यायचं काढलं. ती खोली मी कधीपासून मागत होते. एक टेबल, एक दिवा आणि आतून लावता येईल असं दार, एवढंच हवं होतं मला. "तिच्याकडे बायका येणार. रविवारी सामान हलवू," सासूबाई म्हणाल्या. मग मात्र मी अशी जळले की विचारू नका.

मी बेत केला. खोटी क्लायंट बनून फोन करायचा, तिची थापेबाजी रेकॉर्ड करायची आणि सासूबाईंना ऐकवायची. शनिवारी तिला नंबर माहीत नसलेला ऑफिसचा मोबाइल घेतला, स्वयंपाकघराचं दार लोटलं, तोंडावर रुमाल धरला. जाऊ वरच्या मजल्यावर, मी खालच्या.

"नमस्कार. मला माझी जाऊ सहन होत नाही." सांगायचं ठरवलं होतं घोरणाऱ्या नवऱ्याचं, तोंडातून निघालं हे!

"काय करते ती?"

"काहीच धड करत नाही, तेच तर! राबायचं मी, आणि कौतुक तिचं."

"थोडंसं दुखेल, पण बोला."

हे दाताच्या दवाखान्यातलं! मी लगेच ओळखलं.

"आता सांगा, तुम्हाला लांबचं नीट दिसत नाही की जवळचं?"

हे चष्म्याच्या दुकानातलं! पुरावा हातात आला होता, फोन ठेवायला हवा होता. पण मी उत्तराचा विचार करत बसले आणि एकदम रडूच आलं. तोंडावरचा रुमाल डोळ्यांवर गेला.

"मला दुसरं काही नको हो. एक खोली हवी होती. फक्त माझी."

एवढ्यात गॅसवरच्या कुकरने शिट्टी दिली. आमचा कुकर आधी खोकतो, मग शिंकतो, मग शिट्टी देतो. असा दुसरा कुकर जगात नसावा. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"वहिनी, बटाटे झाले. गॅस बंद करून या, मी लाइनवर आहे."

"तू... कधी ओळखलंस?"

"नमस्कार म्हणालात तेव्हाच."

रविवारी तिने स्वतःच सासूबाईंना सांगितलं, "खोली वहिनींना द्या. मी वर हॉलमध्ये भागवीन."

"किती मोठं मन हिचं!" सासूबाईंनी डोळे टिपले. खोली मला मिळाली आणि कौतुक पुन्हा तिलाच.

आठवड्याभरात तिची जाहिरात आली. 'एका अनुभवी नोकरदार महिलेला एका फोनमध्ये हक्काची खोली मिळाली!' बायकांची रीघ लागली. जिन्यात उभं राहायला जागा उरेना. शेवटी सासूबाई मला म्हणाल्या, "तुझी खोली रिकामीच असते की. बसू दे त्यांना तिथे."

परवा सुट्टीच्या दिवशी मी माझ्या खोलीत माझ्या टेबलाशी जाऊन बसले, तर शेजारच्या खुर्चीतल्या बाई दटावून म्हणाल्या, "अहो, नंबर लावलाय का?"

लावला होता.