पुजलेल्या चेंडूची हकिकत

श्रीगजाननास स्मरून आणि ज्या मैदानाची माती अजून पायास आहे तीस वंदून लिहितो. शके अठराशे तेहेतीस, विरोधकृत् नाम संवत्सर, आश्विन शुद्ध एकादशी, ते दिवशी सकाळी दौलतीत वर्तमान आले की, फौज बुडाली. दौलत म्हणजे आमचे कॉलेज, आणि फौज म्हणजे त्याचे फुटबॉलचे अकरा वीर, आणि आम्ही तेथील कवायतीचे मास्तर, सबब खेळ शिकविणे आमचेकडे. दसऱ्यास फौज नदीपलीकडील कॉलेजावर चालून गेली, आम्ही तापाने घरी राहिलो, आणि तिकडे सात गोल चढले, आपला एक नाही. मग सेनापती रंगराव शितोळे मान खाली घालून आमचे दारी आले, आणि मागे किल्लेदार, म्हणजे गोल राखणारे, बाबाजी खर्डेकर आले, आणि त्यांचे काखेत चेंडू होता, त्यावर हळदकुंकू तसेच होते. आम्ही पुसले, "सात? गोल राखीत होतास की जत्रा बघत होतास?" रंगराव बोलते जाहले, "मास्तर, खंडेनवमीला तलवारीशेजारी चेंडूही पुजला. दुसऱ्या दिवशी त्याला लाथ कशी मारायची?" ऐसे घडले की, ज्याचा पाय चेंडूस लागे तो वाकून त्यास हात लावी आणि तो हात कपाळी नेई, जैसे पोथीस पाय लागता करितात; आणि चेंडूस हात लागला की पंच शिट्टी वाजवीत, आणि शिक्षा होई, आणि गोल होई. मग पलीकडील वीरांनी हे ओळखून चेंडू मुद्दाम आमचे पायांवर आणून टाकिला. आम्ही म्हटले, "हळद पुसायची होतीत!" बाबाजी म्हणाले, "पुसल्यानं देव जातो होय?"

इतक्यात प्रिन्सिपॉलसाहेबांचा हुकूम आला की, कार्तिकात तीच फौज आपले मैदानी येते, ती मोडली नाही तर खेळ बंद, मैदानात गवत राखावे. रंगरावांचे डोळे भरले. दुसरा चेंडू विलायतेहून येणार, तोवर कार्तिक सरणार. तेव्हा आमचे कुटुंब द्वारकाबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या, त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाबाजी, गणपती बसवता, तो उठवता की नाही?"

"उठवतो, काकू."

"मग याला कोणी उठवला?"

बाबाजी काखेतला चेंडू पुढे धरून निरखू लागले.

"पूजा केलीत आणि उत्तरपूजा विसरलात. देव आत बसलाय, आणि तुम्ही गोल मागताय!"

मग त्यांनी चेंडू पाटावर ठेविला, आणि अक्षता वाहिल्या, आणि दहीभात दाखविला, आणि चेंडू हाताने किंचित हलवून म्हणाल्या, "देवा, आता आपल्या ठिकाणी जा. पोरांना खेळायचंय." मग चेंडू पुसून अंगणात ठेविला; आणि कोणी धजेना हे पाहून लुगडे सावरून पहिली लाथ स्वतः मारिली, ती आमचे काढ्याचे भांड्यास लागली. रंगराव म्हणाले, "मास्तर, काकूंना उजवीकडून खेळवा." त्या म्हणाल्या, "आधी यांना दुसरा काढा करू दे."

मग कार्तिकात मोठे युद्ध जाहले, आणि रंगरावांनी एक गोल केला, आणि शेवटी शत्रूचा चेंडू किल्ल्यात शिरता शिरता बाबाजींनी दोहो हातांनी धरिला आणि सवयीने कपाळास लाविला. पंचांनी शिट्टी तोंडात घेतली आणि काढिली, कारण किल्लेदारास हात माफ आहे. सारे मैदान हसले. फत्ते जाहली, गवत राखण्याचा हुकूम राहिला.

पुढे दरसाल नवमीस पूजा होई, आणि दशमीस द्वारकाबाई देव उठवीत, आणि पहिली लाथ त्यांची असे. यंदा श्रावणात त्या वारल्या. नवमीस पोरांनी चेंडू आणून आमचे घरी पुजला. दशमीस आम्ही अक्षता हाती घेतल्या. "आता आपल्या ठिकाणी जा" इतकेच म्हणावयाचे, ते तोंडातून निघेना. बाबाजी, आता तेही पिकले, पोरांस म्हणाले, "चला रे, आज कवायत करू."

तात्पर्य, फौज बुडाली, मग तरली, आणि खेळ टिकला. चेंडू आमचे देवघरात आहे, हळद तशीच आहे, आणि पोरे रोज दारावरून डोकावून जातात. उत्तरपूजा करणे राहिले आहे.