सिस्टरचा कोर्स आणि सासूबाईंचा फोन

सिस्टरनं पुढं शिकायचं ठरवलं ते कमरेमुळे. ज्ञानाची तहान वगैरे नंतर सुचलेल्या गोष्टी. हाडांच्या वॉर्डात प्लास्टरसकट क्विंटलभर वजनाचा एक पेशंट कुशीवर वळवताना तिच्या कमरेतून जो आवाज आला, तो ऐकून पेशंटच घाबरला आणि म्हणाला, "सिस्टर, तुम्ही झोपा, मी उठतो."

वॉर्डात तिला सिस्टर म्हणत यात नवल नाही. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत ते नाव घरापर्यंत येऊन चिकटलं होतं. शेजारी, दुकानदार आणि खुद्द नवरासुद्धा तिला सिस्टरच म्हणायचा. नवऱ्यानं चारचौघांत बायकोला सिस्टर म्हणून हाक मारली की नवख्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळायचा, पण घरच्यांना आता त्याचं काही वाटत नव्हतं.

तर सिस्टरला आता नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं होतं. पेशंट तपासायचा, औषध लिहून द्यायचं आणि मुख्य म्हणजे हे सगळं खुर्चीत बसून करायचं. रुग्णसेवेवर तिचं मनापासून प्रेम होतं, पण ते प्रेम उभ्यानं करायची ताकद संपत आली होती. त्यासाठी मास्टर्स करावं लागणार होतं, आणि मास्टर्सची फी बघून कमरेची कळ थेट डोक्यात गेली.

"स्वस्तातलं बघ ना एखादं," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठल्याही प्रश्नाकडे तो दोन मजल्यांच्या मधोमध उभा राहून बघायचा. "स्वस्त लिफ्टमध्ये अडकलेली माणसं मी बाहेर काढलीत," तो म्हणाला. "रडत होती."

"मग महागातलं घेऊ?"

"महाग लिफ्टमध्ये अडकलेलीही काढलीत. तीही रडतच होती. पण आत आरसा होता."

एवढं मार्गदर्शन झाल्यावर सिस्टरनं स्वतःच इंटरनेट उघडलं. सगळ्या कॉलेजांच्या फीची तुलना एका क्लिकवर, असं सांगणारं एक पान सापडलं. नाव, वय, अनुभव, सगळं भरलं. शेवटी मोबाइल नंबर. इथं तिचा हात थबकला. वॉर्डातल्या एकीनं असाच नंबर दिला होता आणि तिला ऑपरेशन थिएटरमध्येसुद्धा प्रवेशाचे फोन आले होते. सिस्टरनं विचार केला आणि सासूबाईंचा नंबर टाकला. त्या फोनवर तसंही मुलाशिवाय कुणाचा फोन येत नसे, आणि मुलगा शेजारच्या खोलीत राहत असल्यामुळे तोही फारसा करत नसे.

सासूबाईंनी आयुष्यभर बुटांच्या दुकानात काउंटर सांभाळला होता. निवृत्त झाल्यापासून त्यांना बोलायला माणूस पुरत नव्हतं. अशा बाईच्या हातात सिस्टरनं कॉलेजांच्या प्रवेश विभागांना नेऊन सोडलं.

दुसऱ्या दिवशी ती ड्यूटीवरून आली तर सासूबाई खिडकीपाशी फोन कानाला लावून बसलेल्या. "हो का रे? मग ती काय म्हणाली? अरे, असं बोलायचं नसतं बायकोला. बरं, ते राहू दे, लायब्ररीची फी वेगळी का लावता तेवढं सांग."

"कोण होतं, आई?" फोन ठेवल्यावर सिस्टरनं विचारलं.

"मधाळ."

"कोण?"

"एका कॉलेजचा मुलगा आहे. फार गोड बोलतो, म्हणून मी त्याला मधाळ म्हणते. दुसऱ्या कॉलेजची ती उसासेवाली. फी सांगायच्या आधी उसासा टाकते, मला तेवढ्यावरूनच आकडा कळतो."

"पण अहो आई, कोर्स मला करायचाय हे सांगितलंत ना त्यांना?"

"कुणी विचारलंच नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि सांगितलं तर ठेवून देतील फोन. बिचारे दिवसभर बोलत असतात, पण त्यांचं ऐकून कुणी घेत नाही."

सिस्टरनं खरं तर तिथंच लगाम घालायला हवा होता. पण सासूबाईंनी गप्पांच्या ओघात जे काढून घेतलं होतं, ते कुठल्याही माहितीपुस्तकात नव्हतं. उसासेवालीच्या कॉलेजची फी कमी होती, पण प्रॅक्टिकलसाठी दवाखाना ज्याचा त्यानं शोधायचा आणि तिथल्या डॉक्टरांच्या विनवण्याही ज्याच्या त्यानं करायच्या. तिसऱ्या एका कॉलेजचा कोर्स सगळ्यांत स्वस्त होता, कारण त्याला अजून मान्यताच नव्हती. "म्हणजे बूट झकास, पण तळ लावायचा राहिलाय," सासूबाई म्हणाल्या. मधाळच्या कॉलेजात प्रॅक्टिकल कॉलेजच लावून देत होतं, संध्याकाळची बॅचही होती. फी मात्र मधली.

"तिथंच घ्यायचं," सासूबाईंनी निकाल दिला. "फीचं मी बघते."

"तुम्ही काय बघणार?"

"नुसती बघते गं."

त्यानंतरच्या आठवड्यात सिस्टर ड्यूटी संपवून घरात शिरली, तर हॉलमधून सासूबाईंचा आवाज येत होता. नेहमीपेक्षा जरा वरच्या पट्टीतला. फोन त्यांनी हनुवटीखाली असा धरला होता, की पलीकडच्यांना चष्मा आणि अर्धं कपाळच दिसत असावं. पडद्यावर टेबलामागे तिघं जण गंभीर चेहऱ्यानं बसले होते.

"एकंदर अनुभव किती आपला?" पलीकडून एका बाईंनी विचारलं.

"तीस वर्षांच्या वर."

"आणि कुठल्या विभागात?"

"पायांच्या."

"हं, हाडांचा वॉर्ड, लिहिलंय इथं."

"सगळी हाडं नाहीत हो," सासूबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "घोट्यापासून खाली."

तिघांनी एकमेकांकडे कौतुकानं पाहिलं. इतकं सूक्ष्म स्पेशलायझेशन त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. सिस्टरच्या हातातली पिशवी गळून पडली. ही मुलाखत होती! तिची! ती दारातूनच हात हलवायला लागली. सासूबाईंनी तिच्याकडे न बघता मोकळ्या हातानं तिला गप्प राहायची खूण केली.

"मागे कुणी आहे का?"

"माझी सून आहे. तीही नर्सच आहे."

"वा! म्हणजे सबंध घरच सेवेत," दुसरे गृहस्थ म्हणाले. "पण फॉर्मवर तुमचे अडतीस दिसतायत."

"अडतीस?" सासूबाई हसल्या. "अडतीस मला कसा होईल? माझा चाळीस आहे. हिवाळ्यात एक्केचाळीस."

पलीकडच्या गृहस्थांनी समजूतदारपणे मान हलवली आणि कागदावर काहीतरी दुरुस्त केलं.

"शेवटचा प्रश्न. समोरचा माणूस ऐकायलाच तयार नाही. त्याला जे हवंय ते त्याच्यासाठी चांगलं नाही. काय कराल?"

"आधी त्याला बसवायचं," सासूबाई क्षणभरही न थांबता म्हणाल्या. "उभा माणूस कधी ऐकत नाही. मग पाणी द्यायचं. मग त्याला जे हवंय तेच आणून द्यायचं आणि म्हणायचं, चार पावलं चालून बघा. पाचव्या पावलाला तो स्वतःच विचारतो, दुसरं काही आहे का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आम्ही हे वर्षभर शिकवतो," त्या म्हणाल्या, "पण इतकं सोपं करून कुणाला सांगता आलं नव्हतं. अभिनंदन. तुमची निवड झाली."

फोन बंद झाला. सिस्टर मटकन सोफ्यावर बसली. त्या नादात कमरेची कळ आली, पण तिकडे लक्ष द्यायला सवड नव्हती.

"आई, ती मुलाखत होती! माझ्या नावावर! हे उघडकीला आलं तर माझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन जाईल!"

"मुलाखत?" सासूबाईंचा चेहरा पडला. "मधाळ म्हणाला, मोठ्या मॅडमशी पाच मिनिटं बोला, फीचं काहीतरी होईल. मला वाटलं, घासाघीस करायला बोलावतायत. तरी म्हटलं, या पैशाचं का काढत नाहीत?"

संध्याकाळी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "पहिल्या दिवशी आईला पाठवू," तो म्हणाला. "पुढचं पुढं बघू." त्या रात्री त्याला जेवण स्वतःच्या हातानं वाढून घ्यावं लागलं.

सिस्टरला झोप लागली नाही. खोटेपणा तिच्या पोटात टिकत नसे. सकाळी ती सासूबाईंना घेऊन सरळ कॉलेजात गेली. कालच्या प्रश्न विचारणाऱ्या बाई म्हणजे प्राचार्या निघाल्या. सिस्टरनं एका दमात सगळं सांगून टाकलं. प्राचार्यांनी आधी सिस्टरकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, मग सासूबाईंच्या पायांकडे.

"चाळीस," त्या हळूच म्हणाल्या.

"हिवाळ्यात मोज्यांसकट एक्केचाळीस," सासूबाईंनी आठवण करून दिली.

"तुम्ही बाहेर बसा," प्राचार्या त्यांना म्हणाल्या, आणि सिस्टरला म्हणाल्या, "तुमची मुलाखत आत्ताच्या आत्ता. आणि ही शेवटची संधी आहे."

ती मुलाखत सिस्टरला आयुष्यभर विसरता येणार नाही. वॉर्डात अर्धा डझन पेशंट एकदम बोंबलत असताना शांत राहणारी ही बाई, टेबलापलीकडे तीन माणसं पाहून स्वतःचं वय चुकली. ऐकायला तयार नसलेल्या माणसाचं काय कराल, हाच प्रश्न पुन्हा आला. तिला उत्तर पाठ होतं, पण ते सासूबाईंचं होतं. चोरायचं नाही म्हणून ती म्हणाली, "मी... मी मोठ्यानं सांगेन."

"बरं," प्राचार्या म्हणाल्या, आणि बराच वेळ काही लिहीत बसल्या. "वॉर्डाच्या कामाचं तुम्ही नीट सांगितलंत, त्यावर पास करते. पण सासूबाईंपेक्षा बरेच कमी गुण आहेत. मनाची तयारी असू द्या."

"फीमध्ये काही सवलत..." सिस्टरनं चाचरत विचारलं.

"त्या गुणांवर होती. या गुणांवर नाही."

म्हणजे प्रवेश मिळाला आणि तो परवडणार नव्हता. सिस्टर डोळे पुसत प्राचार्यांच्या मागोमाग बाहेर आली आणि दोघी दारातच थांबल्या. कॉरिडॉरमधल्या बाकावर मघाशी एक जोडपं रुसलेल्या मुलीला घेऊन बसलं होतं. मुलीला नर्सिंग नको होतं, आईबापाला हवं होतं. आता बाक रिकामा होता. ते तिघं फीच्या खिडकीपाशी उभे होते. पुढं मुलगी होती, आणि रांगेत आणखी दोन कुटुंबं. सासूबाई त्यांच्या बाजूला उभ्या राहून कुणाला तरी पाणी देत होत्या. मधाळ, जो प्रत्यक्षात सहा फुटी, मिशाळ आणि घामाघूम निघाला, भारावून बघत होता. "मॅडम," तो प्राचार्यांना म्हणाला, "माझं महिन्याचं टार्गेट काकूंनी आत्ता उरकलं."

प्राचार्यांनी फार वेळ घेतला नाही. "नोकरी कराल का इथं? प्रवेश विभागात. अर्धा दिवस, फोनवर बोलायचं काम."

"पगार देणार बोलायचा?" सासूबाईंना ते खरंच वाटेना.

"आणि कर्मचाऱ्याच्या घरच्यांना फीमध्ये चतुर्थांश सूट असते," मधाळनं घाईघाईनं जोडलं.

सिस्टरनं भर कॉरिडॉरमध्ये सासूबाईंना मिठी मारली. लग्नानंतर एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. दोघींनाही पुढं काय करायचं ते सुचेना, म्हणून बराच वेळ कुणी सोडेना.

पुढच्या महिन्यात वॉर्डात वादळ आलं. हॉस्पिटलच्या मेट्रननं, जिच्या चपलांच्या आवाजानं पेशंटचा ताप उतरायचा, सगळ्या नर्सेसना उभं केलं. "चार जणी कोर्सला जायचं म्हणतायत! एकाच वॉर्डातल्या! कुणीतरी बाई रोज फोन करते म्हणे. कोण आहे ही? नंबर आणा तिचा. आज तिला सुनावतेच."

एकीनं नंबर दिला. सिस्टर भिंतीवरच्या हात धुवायच्या सूचना मन लावून वाचत राहिली.

मेट्रन केबिनमध्ये गेली. दार आपटलं. आतून मोठा आवाज आला, मग जरा कमी, मग बराच वेळ काहीच नाही. मग मेट्रनच्या हसण्यासारखा आवाज आला. तो त्या इमारतीत पूर्वी कुणी ऐकलेला नसल्यामुळे सगळ्या जणी दारापाशी धावल्या. मेट्रन बाहेर आली. "संध्याकाळची बॅच आहे म्हणतात," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "रजेचा प्रश्नच येत नाही. जा कामाला."

कोर्सच्या पहिल्या संध्याकाळी सिस्टर वेळेच्या आधी वर्गात जाऊन बसली. नवी वही, नवा पेन. इथं तिला कुणी ओरडणार नव्हतं. एवढ्यात कॉरिडॉरमधून ओळखीच्या चपलांचा आवाज आला, आणि मेट्रन वर्गात शिरून तिच्या शेजारीच येऊन बसली. मागोमाग वॉर्डातल्या चौघी आल्या.

"तुम्ही, मॅडम?" सिस्टर उठून उभी राहिली.

"बस गं. इथं मी विद्यार्थिनी." मेट्रन खुशीत होती. "आम्ही पाच जणी मिळून आलो ना, त्या बाईंनी ग्रुपची सूट मिळवून दिली. फी अर्धी. तुला किती पडलं?"

सिस्टरनं आकडा सांगितला.

मेट्रननं हळहळून तिच्या हातावर हात ठेवला. "एवढे? अगं वेडे, नीट चौकशी तरी करायचीस. त्या बाई फार प्रेमळ आहेत, काही ना काही मार्ग काढतात. नंबर देऊ का त्यांचा?"

सिस्टरनं नव्या वहीचं पहिलं पान उघडलं, आणि मेट्रन सांगत गेली तसा एकेक आकडा निमूटपणे लिहून घेतला.