दारावरचा लाल दुपट्टा

आमच्या जठारपेठेतले देवरावकाका कुठल्याही प्रवासाची आधी तालीम करतात. नागपूरला जायचं ठरलं, की आठवडाभर आधी सगळं सामान बांधायचं, ते घेऊन अकोल्याहून मूर्तिजापूरपर्यंत जायचं, तिथे फलाटावर डबा खायचा आणि पुढच्या गाडीने परत यायचं. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अंदाज घेतलेला बरा राह्यते."

गल्ली हसायची, पण मला या माणसाचं भारी कुतूहल. डब्यातल्या पोळ्या प्रवासात किती कडक होतात, हेसुद्धा आधी जाऊन बघून येणारा दुसरा कोणी माझ्या पाहण्यात नाही. कापसाचे दिवस फिरले आणि काका फिटर होते ते सरकी काढायचं जिन बंद पडलं. तेव्हापासून तर त्यांच्याकडे तालमीला वेळच वेळ होता.

या खेपेचा प्रवास मात्र हसण्यासारखा नव्हता. लकव्याने मंजुळाकाकूंची वाचा गेली होती. हातपाय सावरले, पण शब्द काही फुटेना. नागपूरला लेकीकडे राहून इलाज करायचा होता. काकूंना माझ्यावर सोपवून काकांनी नेहमीसारखी तालीम केली आणि संध्याकाळी घामाघूम होऊन परतले. कॅसेटींची पेटी हमालालाही उचलेना म्हणे. आणि कॅसेटी तर न्यायच्याच होत्या. माझ्या घरी कॉम्प्युटर असल्यामुळे त्या पेन ड्राइव्हवर उतरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

या कॅसेटींचा इतिहास सगळ्या गल्लीला पाठ होता. काका रेडिओपुढे टेपरेकॉर्डर ठेवून गाणी भरायचे. तेवढा वेळ दाराच्या कडीला लाल दुपट्टा बांधलेला असे. दुपट्टा दिसला की कोणी कडी वाजवायची नाही. दूधवालासुद्धा ओट्यावर मुकाट बसून राही. सगळे हा नेम पाळायचे, एक काकू सोडून. नेमकं गाणं रंगात आलं की त्यांच्या हातून परात पडायची, नाही तर अंगणातल्या बकरीला शिव्या सुरू व्हायच्या. मग काका गायकापेक्षा वरच्या पट्टीत ओरडायचे आणि कॅसेटवर 'खराब' असं लिहून ठेवायचे. निम्मी पेटी खराबच होती.

मी हौसेने कामाला लागले. गाणी उतरवता उतरवता जिथे परात, बकरी किंवा भांडण आलं, तो तुकडा कापून टाकला. शाबासकी मिळेल या आशेने काकांना ऐकायला बोलावलं. त्यांनी दोनतीन गाणी ऐकली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पोरी, हे काहून काढलं? गाणे तं बजारात भेटतात." मग म्हणाले, "डॉक्टर म्हने, ओयखीचे आवाज आइकवा तिले. तिच्या सोताच्या आवाजापरीस ओयखीचं काय हाय?"

नशीब, मूळ कॅसेटी शाबूत होत्या. मी लगेच त्यांच्यासोबत त्यांच्या घरी गेले आणि 'खराब' लिहिलेली एक कॅसेट त्यांच्याच टेपमध्ये लावली. काकांनी सवयीने उठून कडीला दुपट्टा बांधला. काकू खाटेवर बसून बघत होत्या.

गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला मागून काकूंचा खणखणीत आवाज आला, "अवो, आइकलं का? भाकर थंडी होऊन राह्यली."

"आलो वं," म्हणत काका उठलेसुद्धा. उभे राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते तसेच थांबले. खाटेवर काकूंचे खांदे हलत होते. आवाज नव्हता, पण त्या पोटभर हसत होत्या.

तेवढ्यात टेपमधले काका काकूंवर खेकसले, "चूप बस वं!"

काकांनी मान खाली घातली. दाराशी जाऊन त्यांनी दुपट्टा सोडला, दार सताड उघडलं आणि काकूंजवळ येऊन बसले.

"बोल वं आता," ते म्हणाले. "केव्हाबी बोल. कितीबी बोल."