नेम तिसऱ्या बरणीवर

भिंग या विषयावर माझ्याशी वाद घालेल असा माणूस कोल्हापूर जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे! बावीस वर्षं मी कॉलेजात भिंगच शिकवतोय. पोरांना ते समजत नाही, हा विषय वेगळा.

त्यामुळे मुरगूडहून मेव्हण्याचा, अमरसिंहचा फोन आला, "दाजी, आमच्या भैरवीचा साखरपुडा ठरला की! उचगावच्या कार्यालयात. फोटोग्राफर पण सांगून ठेवलाय," तेव्हा मी ताडकन म्हणालो, "रद्द कर त्याला! घरात मी असताना परका माणूस कशाला?"



"म्हंजे दाजी, तुम्ही काढणार?"

"मीच!"

"सगळं?"

"सगळं!"

पलीकडे शांतता. ती आदराची असणार, असं मी गृहीत धरलं.

प्रकरण साधं नव्हतं. सासूबाई मांडीचं हाड मोडून मुरगुडात पलंगावर पडल्या होत्या. पहिल्या नातीचा साखरपुडा आणि त्यांना उठता येत नव्हतं. "संध्याकाळच्या आत मला फोटो दावा, मगच मी औषध घेणार," असं त्यांनी जाहीर केलं होतं.

"अहो, आईचा सगळा जीव त्या फोटोंत आहे," आमच्या संयोगिताबाई म्हणाल्या. "जमेल ना नक्की?"

"संयोगिता, मी प्रकाशशास्त्र शिकवतो."

"म्हणूनच विचारते."

माझ्याकडे वडिलांची जुनी लेन्स आहे. अस्सल! ती नव्या कॅमेऱ्यावर बसत नाही, म्हणून दोघांच्या मध्ये धातूची एक कडी लागते. तिला अडॅप्टर म्हणतात. हा अडॅप्टर लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा असतो. स्वतः काहीच करत नाही, पण केसभर इकडचा तिकडे झाला की दोन्ही घरं एकमेकांना दिसेनाशी होतात.

आता फोटो काढताना लोक स्क्रीनमध्ये बघतात. मी बघत नाही. एक तर चष्मा काढावा लागतो, आणि दुसरं म्हणजे ते शास्त्रीय नाही. अंतर मोजायचं, लेन्सवरच्या फुटांच्या खुणेवर कडं फिरवायचं, खट्! त्यासाठी मी सुतळीला फुटाफुटावर गाठी मारून ठेवल्या होत्या.

चाचणीसाठी मी गच्चीवर सात बरण्या एकेक हात अंतरावर मांडल्या. लिंबू, कैरी, मिरची, मोरावळा, काय असेल ते. सुतळी ताणून तिसरीवर नेम धरला. खट्! फोटोत तिसरी बरणी धुक्यात, आणि पाचवीवरचं झाकण इतकं लख्ख की बायकोनं लिहिलेली तारीख वाचता आली. मोरावळा दोन वर्षांचा होता!

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिसरीवर नेम. चौथी उमटली. संध्याकाळी सहावी. चुकायचं तर चुकावं, पण एका ठिकाणी तरी चुकावं!

"अडॅप्टर सरकतोय," मी जाहीर केलं.

"स्क्रीनमध्ये बघून काढा की," बायको म्हणाली.

अशा सूचनांना मी उत्तर देत नाही.

कोल्हापुरात माणसाचं काही बिघडलं की तो डॉक्टरकडे जातो; बाकी काहीही बिघडलं की उद्यमनगरात. तिथे आकाराम नावाचे लेथवाले आहेत. त्यांनी कडी बोटावर फिरवली.

"पावणं, हे कुठल्या पंपाचं हाय?"

"कॅमेऱ्याचं."

"आँ? बरं, आणलासा तर आणलासा." मायक्रोमीटर लावून त्यांनी एक डोळा मिटला. "केसभर कमी हाय. आन् स्क्रू बी ढिले. पॅकिंग मारू या की!"

थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी बांगडीसारखी एक पातळ चकती केली, ग्रीस लावून आत बसवली आणि चारही स्क्रू आवळले. "आता हात लावू नका. काय?"

घरी आलो. तिसऱ्या बरणीवर नेम, तिसरीच बरणी! लागोपाठ नऊ वेळा! शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी बरणीचं कौतुक केलं.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी पांढऱ्या सदऱ्याला ग्रीसचा काळा डाग पडलेला दिसला. म्हणून, फक्त म्हणूनच, मी अडॅप्टर उघडला, स्वच्छ पुसला, स्क्रू पुन्हा पिळले. आकाराम काय म्हणाले होते ते मला आठवत होतं. पण ते लेथवाले, मी प्रकाशशास्त्र!

कार्यालयात मी झपाटल्यासारखं काम केलं. सुतळीचं एक टोक भैरवीच्या नाकाशी धरायला लावायचं, दुसरं माझ्या कपाळाशी. "आतोबा, गुदगुल्या होतात!" भैरवी म्हणायची. "हलू नकोस! आठ फूट!" खट्! अंगठी घालताना राजवीरच्या, म्हणजे होणाऱ्या जावईबापूंच्या, हाताला सुतळी गुंडाळली गेली. खट्! मागंपुढं काय चाललंय याकडे माझं अजिबात लक्ष नव्हतं.

संध्याकाळी घरी येऊन फोटो संगणकावर उघडले. भैरवी धुकं. राजवीर धुकं. अंगठी, कुंकू, ओटी, सगळं धुकं! मी गच्चीवर धावलो. तिसऱ्या बरणीच्या बुडाशी पत्र्याची चकती चिकटलेली. सकाळी मी अडॅप्टर तिथंच पुसला होता.

खाली फोन वाजत होता. अमरसिंह. मी उचलला नाही. औषध न घेता बसलेल्या सासूबाई डोळ्यांसमोर आल्या.

परत संगणकासमोर येऊन बसलो, आणि एक गोष्ट लक्षात आली. भैरवीच्या तीन फूट मागे, फुलांच्या खांबाआडून एक माणूस डोकावत होता. चौकड्यांचा शर्ट, बारीक मिशी. इतका स्पष्ट की मिशीतला पांढरा केस मोजता यावा! पुढच्या फोटोत तोच. अकरा फोटोंत तोच! कधी वाकलेला, कधी लपलेला. आणि एकात छातीशी काहीतरी काळं घट्ट धरलेलं. पर्स!

फोटो बिघडले तर बिघडले, पण चोर सापडला! मी तो फोटो दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकला. "या इसमास कोणी ओळखते काय? कार्यालयात संशयास्पद हालचाली. सोबत काळी पर्स."

निशिगंधा मावशींचं उत्तर आलं, "माझी काळी पर्स दुपारपासून गावंना!!!"

राजवीरचे कागलचे मामा म्हणाले, "आमच्यातला न्हाय. पण गावला तर कळवा. आमची दोन पोरं तालमीतली हायत."

मुरगूडहून कुणीतरी लिहिलं, "ह्याला आत्ताच बघितला की! अमरसिंहदादाच्या दारात गाडी लावून आत गेलाय."

मामा, "पोरं निघाली."

चोर सासूबाईंच्या खोलीत! मी अमरसिंहला फोन लावला. "अमर! आईंजवळ कोण आहे? दार लाव! नको, दार उघड! आरडाओरडा कर!"

पलीकडे ती ओळखीची शांतता.

"दाजी, आक्काला फोन द्या जरा."

संयोगितानं फोन घेतला. "हं," म्हणाली. मग माझ्या संगणकासमोर येऊन तो पर्सवाला फोटो मोठा केला. मोठ्या आकारात पर्सला पुढच्या बाजूला भिंग होतं.

"हे विश्वजित. आपण रद्द केलेले फोटोग्राफर."

"मग ते तिथं कसे?"

"मी बोलावलं. बरण्या बघितल्या त्याच संध्याकाळी. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून त्यांना सांगितलं, खांबाआडून काढा आणि संध्याकाळी आईला नेऊन दाखवा."

तिनं आधी ग्रुपवर खुलासा टाकला. मामांनी लिहिलं, "पोरं निढोरीपासनं माघारी बोलावली." मावशींनी लिहिलं, "पर्स गाडीत होती." मग बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही. ग्रुपवरची सत्तावन्न माणसं एकाच वेळी हसू दाबताहेत, हे फोनवरसुद्धा कळतं.

"आईंनी औषध घेतलं का?" मी हळूच विचारलं.

"घेतलं. फोटो दोनदा बघितले. एवढंच विचारत होती, प्रत्येक फोटोत जावईबापू, म्हणजे तुम्ही, पोरीच्या नाकाला सुतळी का लावत्यात म्हणून."

मी संगणक बंद करायला हात पुढे केला.

"थांबा," ती म्हणाली. "विश्वजित म्हणत होते, आयुष्यभर दुसऱ्यांचेच फोटो काढले, स्वतःचा इतका स्वच्छ फोटो आजवर कुणी काढला नव्हता. दुकानात लावायला एक प्रत पाहिजे म्हणाले."

पाठवली. फ्रेम करून लावलाय म्हणे. केसभरसुद्धा हललेला नाही!