माझ्या ठरावाला माझाच विरोध

आमच्या वॉलाबिंडीच्या नगरसभेत सभेचे नियम तोंडपाठ असलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे मी, क्लेम हार्डी! बाकीचे सदस्य नियमांची चोपडी चहाच्या कपाखाली ठेवतात. मी ती अंघोळीच्या टबात बसून दोनदा वाचली आहे. दुसऱ्या वेळी ती पाण्यात पडली आणि शेवटची चार पानं एकमेकांना चिकटली, ती गोष्ट वेगळी.

यंदा गावचा पोहण्याचा तलाव उघडायचाच नाही, असं नगराध्यक्षा ऑड्रीबाईंच्या मनात होतं. म्हणे पंप म्हातारा झालाय! डिसेंबर महिना, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा, बाहेर बेचाळीस अंश! माझी बायको ग्लेनिस आणि तिच्या दहा मैत्रिणी रोज सकाळी सहाला त्या तलावात चालतात. ग्लेनिसचे गुडघे त्या पाण्यावरच तग धरून आहेत. दुसरा तलाव एकशे दहा किलोमीटरवर.

"क्लेम, हे एवढं एक काम कर," ती म्हणाली. "तीस वर्षांत मी तुझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही."

हे खरं नाही, पण ते असो. मी म्हटलं, "अगं, झालंच समज!"

सभेत आम्ही सात जण. मी ठराव मांडला : तलाव सुरू करावा. तीन पक्के विरोधात, माझ्यासह तीन पक्के बाजूने, आणि मधे लटकलेला मेंढपाळ मर्व्ह. त्याच्या नातीचा दात उडी मारायच्या फळीवर तुटला होता.

"फळी काढणार असाल तर माझं मत तुला," मर्व्ह म्हणाला.

"मग तशी उपसूचना मांड की!"

त्याने मांडली. पाच हात वर, विरोधकांतलाही एक! ऑड्रीबाईंनी हातोडी आपटली. "मंजूर!"

प्रेक्षकांत बसलेल्या अकरा जणींनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की छतावरचा पंखाही ऐकू येईना. मी खुर्ची गर्रकन फिरवली आणि ग्लेनिसला दोन्ही अंगठे दाखवले. बराच वेळ दाखवले. त्या टाळ्या वाजवतच बाहेर पडल्या, आणि मी पुन्हा वळलो तर सभा कचऱ्याच्या डब्यांवर पोहोचलेली!

"अहो, तलावाचं काय झालं?" मी सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्या लोर्नाला विचारलं.

"पडला ठराव. तीन विरुद्ध चार."

"पडला? आत्ता तर मंजूर झाला!"

"ती उपसूचना. नंतर उपसूचनेसह मूळ ठराव मतास टाकला."

"मग माझं मत राहिलं!"

"राहिलं नाही, झालं. विरोधात."

"मी तर काहीच बोललो नाही!"

"म्हणूनच. हजर असून हात वर न करणारा विरोधात धरला जातो. चोपडीच्या शेवटून तिसऱ्या पानावर आहे."

"अंगठे वर केले होते ना मी!"

"ते बायकोला," ऑड्रीबाई म्हणाल्या. "सभेकडे तुझी पाठ होती, क्लेम."

"मग पुन्हा मांडतो!"

"तीन महिने नाही मांडता येत."

तीन महिन्यांनी मार्च. तेव्हा तलाव एरवीही बंदच होतो!

बाहेर आलो तर अकरा जणी वाटच पाहत होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आयव्हीआजींनी खोबऱ्यात घोळवलेला चॉकलेट केक माझ्या तोंडात कोंबला. "वाघ आहेस रे बाबा! मग उद्या सहाला ना?" तोंड भरलेलं होतं. खरं सांगायचं तर मी तो घास गरजेपेक्षा फार जास्त वेळ चावला. तेवढ्यात त्या निघूनही गेल्या.

रात्री घरी ग्लेनिसला सांगायचंही धाडस झालं नाही, आणि सकाळी सहाला तिने मला ओढत नेलं. फाटकाला कुलूप. अकरा टॉवेल, अकरा टोप्या, आणि मी.

"मंजूर झालं होतं ना?" ग्लेनिस म्हणाली.

"उपसूचना झाली. ठराव पडला."

"म्हणजे फळी काढणार आणि पाणी नाही?"

"फळीही राहणार. ठरावच पडला ना!"

आयव्हीआजींनी कपाळाला हात लावला. ग्लेनिसने मात्र बोटं मोजायला सुरुवात केली. "ऑड्री, तिचे ते दोघे... हे झाले तीन. चौथा कोण रे?"

मी सांगितलं. ती गुडघा धरून बाकावर बसली, आणि मला फार, फार वाईट वाटलं.

सप्टेंबरात निवडणूक आहे. ग्लेनिस माझ्याविरुद्ध उभी राहतेय. काल न्याहारीला तिने अर्ज पुढे सरकवला, "सूचक म्हणून सही कर." मी चर्चेची मागणी न करता सही केली. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, माझं मतही तिलाच आहे. या खेपेला निदान स्वतःच्या विरोधात समजून-उमजून मत देईन!