शेठचा उपास

पॅकिंग म्हणजे काय ते मला विचारा! काचेच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात एकतीस वर्षं काढलीत मी. बरण्या, कंदिलाच्या चिमण्या, झुंबरं, सगळं माझ्या हातून गेलं आणि एकालाही तडा गेला नाही. म्हणून लेकीने फोनवर विचारलं, "बाबा, शेठला कुरिअरने पाठवता येईल का रे?" तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "मासाच ना? अगं, सांगशील तर अख्खं तळं पॅक करून पाठवतो!"

शेठ म्हणजे लेकीचा गोल्डफिश. दहावीत असताना तिने बोटाएवढा आणला होता. नऊ वर्षांत खाऊन खाऊन मुठीएवढा झाला आणि पोट पुढे काढून टाकीत येरझारा घालायला लागला, म्हणून शेठ. मध्यंतरी लेकीला नोकरी लागली, सहा तासांवरच्या शहरात. फोनवर "मजेत आहे" म्हणायची, पण आवाज पडलेला असायचा. एका रविवारी रडलीच. "खोलीवर आलं ना बाबा, की कुणी वळूनसुद्धा बघत नाही. शेठ निदान काचेला नाक तरी लावायचा." ठरलं, शेठ तिच्याकडे जाणार, आणि धडधाकट जाणार!

बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा तुम्हीच बरणीत घालून मांडीवर घेऊन जा की."

"एकतीस वर्षं काय मी बरण्या मांडीवर घेऊन पोचवत होतो?"

ती "बरं" म्हणाली. तिच्या "बरं"चा अर्थ काय, हे नवरे मंडळींना सांगायला नको.

शोभेच्या माशांचा दुकानदार भला माणूस. म्हणाला, "काका, पिशवी आणि ऑक्सिजन माझ्याकडे लागलं. जिवंत मासे नेणारा कुरिअरवालाही ओळखीचा आहे. फक्त आधी दोन दिवस कडकडीत उपास! एक दाणा घालायचा नाही. पोट भरलेला मासा पिशवीत घाण करतो आणि त्याच पाण्यात गुदमरतो."

मी घरात फर्मान काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पाण्यावर दाणे तरंगतायत!

"कोणी घातले?"

"अहो, तो कसा तोंड उघडून बघत होता..." बायको म्हणाली.

"मासे तोंड उघडूनच बघतात!"

पुन्हा पहिल्यापासून दोन दिवस. या वेळी वडील सापडले, डबा हातात घेऊनच. आम्ही त्यांना नाना म्हणतो. त्यांनी मलाच झापलं. "मुक्या जिवाला उपाशी ठेवतोस? लाज नाही वाटत?" शेवटी मी दाण्यांचा डबा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. शेठ दोन दिवस माझ्याकडे पाठ करून पोहत होता.

मंगळवारी संध्याकाळी दुकानदाराने शेठला दुहेरी पिशवीत घातलं. थोडं पाणी, बाकी ऑक्सिजन, वर रबरबँड. पुढे मी! थर्माकोलचा खोका, चारी बाजूंनी जुन्या गोधडीचे तुकडे, वर चिकटपट्टीचे सात वेढे. भूकंप झाला असता तरी शेठची झोप मोडली नसती. शेवटी वळणदार अक्षरात पत्ता लिहिला आणि खोक्यावरून हात फिरवला.

"उद्या दुपारपर्यंत पोचेल," दुकानदार म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंत हवा पुरेल. त्यापुढे माझी हमी नाही."

बुधवारी लेकीने अर्धी रजा घेतली, नवी टाकी भरून ठेवली. मी सकाळी बँकेत गेलो, दुपारी जेवलो, कुशीवर वळलो. दोन वाजता तिचा फोन. "नाही आला रे." तीनला, "अजून नाही." चारला, "बाबा, हवा संपली असेल का?"

कुठल्या पायात कुठली चप्पल ते न बघता मी कुरिअरच्या ऑफिसात पोचलो.

"मासा कुठाय माझा?"

कारकुनाने शांतपणे कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "काका, सकाळी अकरा वीसला दिला. सही आहे."

"कुणाची सही? माझी पोर तिकडे वाट बघत बसलीय! कुणी ढापला? सोडणार नाही मी त्याला!"

मी एवढा ओरडलो की आतून पार्सल पोचवणारा बाहेर आला. "काका, पार्सल मीच दिलंय. बसा मागे, घरच दाखवतो."

त्याच्या स्कूटरवर मागे बसून मी त्या चोराला काय काय सुनावायचं ते मनात घोळवत होतो. स्कूटर पाण्याच्या टाकीवरून वळली. मग आमच्या न्हाव्याचं दुकान गेलं. मला वाटलं, शॉर्टकट दिसतोय! मग आमची पिठाची गिरणी. गिरणीवाल्याने हात केला, मीही केला. आणि स्कूटर आमच्या दारात थांबली.

नानांनी दार उघडलं. "अरे, परत आलास? आणखी एक पार्सल आहे का?"

"नाना! तुम्ही घेतलंत पार्सल?"

"हो. तिच्या नावाचं होतं. तिच्या टेबलावर ठेवलंय. तिचं पार्सल कुणी उघडलेलं तिला खपत नाही, माहिताय ना?"

कुरिअरवाला म्हणाला, "मी विचारलं होतं यांना, ताई इथेच राहतात ना? हे म्हणाले, इथेच राहते, बाहेर गेलीय, येईल."

मी लेकीच्या खोलीत धावलो. सात वेढे सुटता सुटेनात! माझ्याच पॅकिंगला मी पहिल्यांदा शिव्या घातल्या. शेवटी बायकोने विळीवर खोका धरला. पिशवीत शेठ एका कुशीवर कलंडला होता. पिशवीसकट त्याला खोलीतल्याच जुन्या टाकीत तरंगत ठेवलं, मग हळूच सोडलं. एक मिनिट गेलं. माझ्याच्याने बघवेना. मग शेपटी हलली आणि शेठने येऊन काचेला नाक लावलं. मी तिथेच लेकीच्या पलंगावर बसून लहान पोरासारखा रडलो.

खोक्यावर वळणदार अक्षरात नाव लेकीचं होतं आणि खाली पत्ता आमचा. शाळेचा दाखला, कॉलेजचे फॉर्म, नोकरीचे अर्ज, तिच्या नावाखाली मी जन्मभर हाच पत्ता लिहीत आलोय. नाव मी लिहिलं, पुढचं हातानेच उरकलं. शिवाय कारखान्यात पत्ते लिहिणं शेजारच्या टेबलाकडे होतं, हेही लक्षात घ्या!

फोनवर लेक आधी खूप हसली. मग म्हणाली, "परत नको पाठवूस, बाबा. शनिवारी मीच येते त्याला न्यायला."

याला चार महिने झाले. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी लेक शेठला न्यायला येते. नानांशी भांडते, आईच्या हातचं खाते, काचेला नाक लावून बसते. आणि रविवारी निघायच्या वेळी टाकीत नेमके दाणे तरंगत असतात! भरल्या पोटी त्याला नेणार कसं? लेक टाकीकडे बघते, मग माझ्याकडे बघते आणि म्हणते, "बरं, पुढच्या खेपेला."

बायको शपथेवर नाही म्हणते. नानाही नाही म्हणतात. आणि माझ्यावर तर संशय घ्यायचं कारणच नाही. डबा कुलपात असतो, आणि किल्ली चोवीस तास माझ्याच खिशात!