मानाचा पेला आणि नाक्यावरील फुंकणी

श्री मार्गरक्षक देवतेस दंडवत, आणि तिच्या नाक्यावर उन्हात उभे असणाऱ्या शिपायांस रामराम. शके १९४५, शोभकृत नाम संवत्सर, वैशाख मास, लग्नसराई ऐन भरात असता एका राज्यात जे वर्तमान घडले ते यथामति लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथील व्याही अद्याप हयात आहेत आणि रागीट आहेत.

त्या राज्याचा रिवाज ऐसा की वरातीची गाडी हाकण्याचा मान नवरदेवाच्या मामाचा, आणि गावच्या शिवेवर बायांनी पुसावे की गाडी कोणी हाकली, आणि जो "मी" म्हणेल त्यास नारळ आणि फेटा द्यावा. आणखी रिवाज ऐसा की निघण्यापूर्वी मुलीकडच्यांनी या मामास मानाचा पेला द्यावा, आणि मामाने नाकारिला तर व्याह्यांचे नाक कापले ऐसे समजावे. तर नवरदेवाचे मामा गिरजोजी म्हणून, शाळेच्या पोरांची गाडी हाकून पोट भरणारे, एरवी थेंबास न शिवणारे, परवाना हीच त्यांची जहागीर. त्यांस भर दुपारी जेवणे उरकल्यावर नवरीच्या बापाने पेला दिला तो त्यांनी डोळे मिटून घेतला, आणि मग नवरीचे मामा येसबा पुढे सरसावले आणि म्हणाले, "बापाचा गोड लागला आणि मामाचा कडू? आम्ही काय मांडवाला टेकू म्हणून उभे आहोत?" मग तोही घेतला, आणि मग चुलते आले, आणि मग आजोबांनी थरथरत्या हाताने दिला, अर्धा सदऱ्यावर सांडला म्हणून पुन्हा भरून दिला. पेले किती जाहले ते कोणी मोजिले नाही, कारण मान मोजणे त्या राज्यात हलकेपणाचे मानितात. आणि गिरजोजींची मनोमन खात्री ऐसी की आपण दारू प्यालोच नाही, मान घेतला.

मग गाडी निघाली. शेजारी नवरी सगुणाबाई, मागे नवरदेव (त्यांनी मित्रांचा मान राखिला होता, सबब घोरत होते), त्यांच्या बाजूस वरबाप, आणि मागल्या गाडीत येसबा आणि मंडळी. नाक्यापाशी गाडी आली ती जरा तिरकी आली, झेंडूच्या माळा नाक्याच्या खांबास घासून गेल्या, आणि ठाणेदारसाहेबांनी हात करून उभी केली, आणि घोरणारे नवरदेव वगळता सर्व मंडळी खाली उतरली, आणि साहेबांनी साधाच सवाल केला, "गाडी कोण हाकत होतं?"

आता येथे घोटाळा जाहला तो ऐसा. सवाल शिवेवरचा आणि आला नाक्यावर. येसबा सकाळपासून धुमसत होते की हाकण्याचा मान मुलाकडे गेला, ते मागल्या गाडीतून धावत आले आणि छाती काढून म्हणाले, "मी हाकत होतो, लिहा, येसबा!" तेव्हा वरबाप खवळले, "गाडी आमची, किल्ली मी स्वतः पोराच्या मामाच्या हातात दिली, आणि मान घेणार हे?" साहेब कपाळास हात लावून म्हणाले, "हवालदार, दोघांचंही लिहून घ्या." दोघेही संतुष्ट जाहले आणि नारळ कोठून येतो ते पाहू लागले.

मग साहेबांनी कायदा समजाविला तो ऐसा की, पिऊन गाडी हाकणे हा गुन्हा. पहिल्या खेपेस दंड किंवा कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास याहून जड. परवाना काही काळ बंद. हाकणारा प्यालेला आहे हे ठाऊक असून किल्ली देईल तोही कचाट्यात. आणि अंमलदारास खोटे सांगेल त्याचे कलम वेगळे. हे ऐकताच येसबा म्हणाले, "मी कुठं हाकली? मी मागच्या गाडीत होतो, विचारा कुणालाही." आणि वरबाप म्हणाले, "किल्ली? ती गाडीलाच होती वाटतं." पेले चढण्यास जितका वेळ लागला त्याच्या पासंगासही न पुरेल इतक्या वेळात मान उतरला.

राहिले गिरजोजी. साहेबांनी फुंकणीयंत्र पुढे केले.

"साहेब, मी प्यालो नाही. मंडळींनी मान दिला, तो घेतला."

"मामा, यंत्राला मान कळत नाही. फुंका."

"आणि न फुंकलं तर?"

"तर धरून नेईन, रक्त तपासायला लावीन, आणि फुंकायला नाही म्हणालात हे न्यायाधीशापुढं तुमच्याच अंगाशी येईल."

"पण मला चढलेली नाही हो! बघा, रेघेवरून चालून दाखवतो." ऐसे म्हणून चालिले, आणि सरळ चालिले, तरी साहेब म्हणाले, "चालता येतं म्हणून सुटका नाही. रक्तात किती, एवढाच हिशेब." येसबा कानाशी लागून म्हणाले, "बडीशेप चावा, पाव्हणं." साहेब म्हणाले, "रक्ताला वास नसतो, बाबा." मग गिरजोजी फुंकले, आणि यंत्र ओरडले, आणि गिरजोजी त्या यंत्राकडे ऐसे पाहात राहिले की जणू घरच्याच माणसाने चुगली केली.

मग वरबाप नवरीस बाजूस घेऊन म्हणाले, "सूनबाई, तुम्ही शेजारी होता. मामा हाकत नव्हते एवढं सांगा. हाकणारा दुसराच होता, तो उतरून पळाला म्हणा. मामांचा परवाना गेला तर चूल बंद. घराची अब्रू पहिल्याच दिवशी तुमच्या हाती आहे." सगुणाबाईंचा चेहरा उतरला, मुंडावळ्या सावरीत काही बोलणार तोच गिरजोजी पुढे आले आणि म्हणाले, "दाजी, पोरीला खोटं बोलायला लावू नका. आज उंबरठा ओलांडायचाय तिला. साहेब, मी हाकत होतो. रोज लोकांची लेकरं नेतो, आणि आज हिला ह्या अवस्थेत घेऊन निघालो. प्यालो होतो हे आत्ता कळलं." आणि परवाना स्वतः काढून दिला.

मग साहेबांनी पुसिले की गाडी पुढे कोण नेणार, आणि मंडळींतील एकेक फुंकू लागला, आणि यंत्र एकेकास ओरडू लागले. शेवटी साहेब त्रासून म्हणाले, "ज्याला मान मिळालाच नाही असं कुणी आहे का?"

तेव्हा सगुणाबाई म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही." आणि शालूच्या आतल्या बटव्यातून परवाना काढिला.

मग गिरजोजींस रक्त तपासावयास नेले, आणि मागली गाडी नाक्यावरच राहिली, आणि नवरी नवरदेवास घेऊन निघाली, आणि वरबाप मागे हाताची घडी घालून बसले. शिवेवर बायांनी पुसिले, "गाडी कोणी हाकली?" तेव्हा वरबाप आभाळाकडे पाहू लागले. मग नारळ नवरीच्या ओटीत पडला, आणि फेटा मुंडावळ्यांवरच बांधावा लागला, आणि तो किंचित तिरका बसला.

पुढे न्यायाधीशांनी गिरजोजींस दंड केला आणि परवाना काही महिने बंद केला. तितके महिने शाळेची गाडी सगुणाबाईंनी हाकिली, आणि मामा मागल्या बाकावर पोरांत बसून दप्तरे सांभाळीत, आणि वळण आले की सवयीने पाय दाबीत.

तात्पर्य, या प्रकरणी जमेस एक नारळ आणि एक फेटा, खर्ची एक परवाना. मान कोणाच्या नावे मांडावा हे लिहिणारास अद्याप उमगले नाही, सबब तो रकाना कोरा सोडून येथेच पुरे करितो.